क्ष शेवटी येतो

मंगळवार, दहा तारीख

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार वि. वि. (साष्टांग हा नुसता शब्द समज. कंबर धरल्यापासून मी सगळ्यांना उभ्यानेच नमस्कार करतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढणं कमी केलंस का, की अजूनही जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दोन मजले वर नकाशांच्या खोलीत जाऊन बसतेस? भावोजींचं पित्त आणि भावोजींचे वजनकाटे दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हिचं चष्म्यांचं दुकान बरं चाललं आहे आणि हिने तुला आठवणीने नमस्कार सांगितला आहे.

पत्र घरी न पाठवता तुझ्या पाणीपुरवठा कचेरीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की भावोजी तो टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि स्पीकर लावतात, आणि मग आपण दोघं भावंडं एखाद्या सभेत बोलल्यासारखी बोलतो. हे सांगायचं आहे ते सभेत सांगण्यासारखं नाही. जमलं तर बसून वाच, तुला धक्का बसण्याचा संभव आहे.

माझं काम नक्की काय आहे हे मी तुला वीस वर्षांत सांगितलेलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. (एकदाच विचारलंस, गेल्या वर्षी. एकदा छापलेली पुस्तिका पुन्हा बदलतात का, म्हणून. मी म्हणालो, सहसा नाही. माझ्या कामाची तू पहिल्यांदाच चौकशी केलीस म्हणून मला दोन दिवस बरं वाटत होतं.) तर विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून, आमचा आकडेवारी विभाग आहे. विभाग म्हणजे साहेब, मी आणि एक कपाट. पदवी घेऊन सव्वा वर्ष झालेल्या प्रत्येक मुलाला आम्ही फोन करतो आणि नऊ प्रश्न विचारतो: काम मिळालं का, किती मिळतात, काम शिकलेल्या विषयातलं आहे का वगैरे. त्यावरून कोणत्या विषयाच्या पदवीला बाजारात काय भाव आहे याचा तक्ता तयार होतो, तो पुस्तिकेत छापतात, आणि ती पुस्तिका वाचून आईबाप मुलांचं आयुष्य ठरवतात.

आता हे आकडे कसे जमतात ते ऐक, म्हणजे पुढच्या प्रकाराचं तुला फार नवल वाटणार नाही. फोन करायचे ते अकरा ते पाच याच वेळात, असा नियम आहे. या वेळात नोकरी असलेला माणूस फोन उचलत नाही. उचलतो तो बेकार, नाहीतर ज्याची नोकरीच फोन उचलण्याची आहे असा. पहिला प्रश्न, सध्या आपण काय करता? याला निम्मी मंडळी जेवतोय असं उत्तर देतात. तत्त्वज्ञानाच्या एका पदवीधराने काम कशाला म्हणायचं यावर मला पस्तीस मिनिटं धरून ठेवलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मध्येच फोन ठेवला (त्याचं फरशांचं दुकान आहे, ते मला मागून ऐकू येणाऱ्या घासाघिशीवरून कळलं). भूगर्भशास्त्राच्या एका मुलीला काम विषयाशी संबंधित आहे का असं विचारलं, तर ती म्हणाली हो, तळघरात आहे. ती एका मोठ्या दुकानाच्या तळघरात खोकी मोजते. मी रकान्यात हो असं लिहिलं, कारण तिच्या आवाजात थट्टा होती की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि थट्टेसाठी वेगळा रकाना नाही.

एवढं असूनही तक्ता साधारण खरा असतो, हे मी तुला शपथेवर सांगतो. गेल्या वर्षीचा नव्हता. तो माझ्या हातून बिघडला, आणि बिघडला तो क्ष या अक्षरापायी.

आपल्या तक्त्यात विषय अकारविल्हे लावलेले असतात. डावीकडच्या रकान्यात नावं, उजवीकडे आकडे. गेल्या वर्षी क्ष-किरण तंत्रज्ञान हा विषय नव्याने आला. कॉम्प्युटरने तो क मध्ये घातला, कृषीच्या खाली आणि गणिताच्या वर. मला ते पटलं नाही. आपल्याकडून बाईंनी पाटीवर गिरवून घेतलं होतं, शेवटी ळ, क्ष, ज्ञ. तू स्वतः माझ्याकडून म्हणून घ्यायचीस, आणि मी क्ष मध्येच कुठे म्हटला तर पट्टी उगारायचीस. मग मी काय केलं, तर क्ष-किरण तंत्रज्ञान हे नाव तिथून उचललं आणि तक्त्याच्या तळाशी नेऊन ठेवलं. नाव उचललं. आकडे उचलायचे राहिले.

म्हणजे काय झालं ते बघ. क्ष-किरणाची जागा रिकामी झाली, तिथे खालचं गणित वर सरकलं, गणिताच्या जागी ग्रंथालयशास्त्र, असं करत करत तळापर्यंत प्रत्येक विषय एकेक ओळ वर गेला, आणि आकडे आपले जागच्या जागी बसून राहिले. प्रत्येक विषयाला त्याच्या आधीच्या विषयाची कमाई मिळाली. दंतवैद्यकाला तत्त्वज्ञानाची. नाट्यशास्त्राला दंतवैद्यकाची. संगीताला संगणकशास्त्राची. आणि भाषाशास्त्राला (ताई, आता धीर धर) बांधकाम अभियांत्रिकीची.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तू विचारशील. साहेबांची तपासणी करायची एक पद्धत आहे. ते वरच्या चार ओळी मूळ कागदांशी ताडून बघतात आणि सही करतात. वरच्या चार ओळी म्हणजे अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, कृषी. त्या चारही बिनचूक होत्या.

पुढचं तुझ्या घरात घडलं, ते तुला माहीत आहे, पण मी आता ते पुन्हा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बारकीला भाषाशास्त्र घ्यायचं होतं. भावोजींनी तिच्यासाठी दंतवैद्यकाची जागा मिळवली होती आणि ती राखून ठेवायचे पैसेही भरले होते. महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मग माझी पुस्तिका आली. भावोजी वजनमापांचे निरीक्षक, छापील आकड्यावर शिक्का असला की त्यांच्या दृष्टीने तो विषय संपतो. त्यांनी दंतवैद्यकाच्या ओळीखाली पट्टी धरली: महिना एकोणीस हजार, काम मिळालेले शंभरात एकेचाळीस. मग भाषाशास्त्राखाली धरली: बावन्न हजार, शंभरात चौऱ्याण्णव. तू सांगितलंस की त्यांनी पट्टी एकदा पुन्हा वर नेऊन बघितली आणि मग ते म्हणाले, हल्ली लोकांचे दात सुधारलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बारकीला घेऊन भाषाशास्त्राचा अर्ज भरायला गेले. (जाताना ती हिरमुसलेली दिसत होती असंही तू म्हणालीस.) दंतवैद्यकाची जागा तेवढी त्यांनी सोडली नाही. ती एक वर्ष राखता येते, आणि भावोजींचा स्वभाव असा की एक छत्री हातात आणि एक कचेरीत. शाळेत हजेरीपटात कायम शेवटचा नंबर असल्यामुळे त्यांना हातचं ठेवायची सवय लागली असावी. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात की मुलीच्या बाबतीत मी भावनेवर गेलो नाही, आकड्यांवर गेलो.

गेल्या आठवड्यात दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्राचार्यबाई आमच्या खोलीत आल्या. त्यांच्याकडे यंदा येणारे अर्ज निम्म्यावर आले होते. त्यांनी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या की आमची मुलं एकोणीस हजार मिळवतात ही बातमी मला तुमच्याकडून कळते आहे, त्या मुलांना अजून कळलेली नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून मूळ कागद काढले. तिसऱ्या मिनिटाला मला क्ष दिसला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत संगीत विभागाचे प्रमुख येऊन गेले. ते भांडायला आले नव्हते. त्यांच्या विभागात यंदा तिप्पट मुलं आली आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खिडकी असलेली खोली मिळाली आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की चूक ही चूकच, पण ती दुरुस्त करायची घाई आहे का. साहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मला मात्र लेखी आदेश मिळाला, त्यात एकच वाक्य आहे: यापुढे क्ष हे अक्षर क मध्येच धरावे. शिवाय ज्या ज्या पालकांनी पुस्तिका मागवली त्या चारशे बारा जणांना शुद्धिपत्रक पाठवायचं, प्रत्येक पाकिटावर माझी सही, पोचपावतीसह. या चुकीपायी किती घरांत काय काय ठरलं असेल याचा विचार मी सध्या रोज करतो आहे. मला खरंच लाज वाटते, ताई, त्यात थट्टा नाही.

त्या चारशे बारांत भावोजी आहेत. शुद्धिपत्रकात भाषाशास्त्रापुढे चोवीस हजार आहेत आणि शंभरात त्रेसष्ट. दंतवैद्यकापुढे सत्तावन्न आणि सत्याण्णव. राखलेली जागा पक्की करायची शेवटची तारीख याच महिन्याची तीस. शुद्धिपत्रक त्याआधी भावोजींच्या हातात पडलं तर ते पट्टी काढतील, आणि बारकी पुढच्या वर्षी जबड्यांची चित्रं काढत बसेल, हे मी तुला सांगायला नको.

म्हणून आधी तिलाच जाऊन सांगावं असं मी ठरवलं. रविवारी तिच्या विभागात गेलो. ती रविवारीही तिथेच असते. तिचा विभाग म्हणजे एक लांबट खोली, आठ टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर कानाला लावायची यंत्रं. बारकी एका म्हाताऱ्या सुताराचं बोलणं ऐकून शब्दाला शब्द उतरवून घेत होती. रंध्याच्या प्रत्येक भागाला त्याच्याकडे वेगळं नाव आहे, आणि ती नावं आता त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाहीत. मला बघून तिने यंत्र माझ्याच कानाला लावलं आणि एक शब्द तीनदा ऐकवला. मला तिन्ही वेळा तो सारखाच वाटला, तिला तिसऱ्या वेळी त्यात काहीतरी निराळं ऐकू येत होतं आणि ती एकटीच हसत होती. मी तिला इतकं खूश लहानपणापासून पाहिलेलं नाही. अशा वेळी मला माझं भाषण सुरू करावं लागलं.

मी क्ष पर्यंत आलो तोच तिने पिशवीतून तिची पुस्तिका काढून माझ्यासमोर उघडली. गणितापासून खाली प्रत्येक ओळीला पेन्सिलीने बारीक बाण काढलेले होते, नावाकडून खालच्या ओळीतल्या आकड्याकडे. सगळे बरोबर.

"मामा, क्ष म्हणजे क आणि ष. तो शेवटी दिसला तेव्हाच मला वाटलं की कुणीतरी हाताने उचलून ठेवलाय," ती म्हणाली.

कधी दिसलं, असं मी विचारलं. पुस्तिका आली त्याच संध्याकाळी, म्हणाली. म्हणजे बाबा दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला निघाले तेव्हा तुला ठाऊक होतं? हो. मग बोलली का नाहीस? यावर तिने पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली.

"मी बाबांना खोटं काहीच सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलंच नाही. ते आकड्यांशी बोलत होते."

ताई, मला तिला रागवायचं होतं. मामा म्हणून ते माझं कामही होतं. पण जी चूक साहेबांना, मला, छापखान्याला आणि दंतवैद्यकाच्या सगळ्या प्राध्यापकांना दहा महिने दिसली नाही, ती या मुलीला एका संध्याकाळी एका अक्षरावरून दिसली. तिने कोणता विषय घ्यावा याचा याहून चांगला पुरावा आमच्या विभागाकडे नाही. मी तिच्याकडे चहा घेतला आणि परत आलो.

असं सगळं आहे. तुझ्यापासून काही लपवून ठेवणं मला जमत नाही म्हणून सविस्तर लिहिलं. तुला धक्का बसला असेल तर माफ कर. गुडघ्याला शेक देत जा, आणि पत्र वाचून झाल्यावर कचेरीतच ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. १. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. शुद्धिपत्रकांची पाकिटं येत्या सोमवारपासून, सोळा तारखेपासून, निघतील. रोज चाळीस, पालकांच्या आडनावांप्रमाणे अकारविल्हे. भावोजींचं, आणि लग्नापासून तुझंही, आडनाव कोणत्या अक्षराने सुरू होतं हे तुला माहीत आहे. लेखी आदेशाप्रमाणे ते अक्षर क मध्ये धरलं, तर पाकीट पहिल्या दोन दिवसांत निघून वीस तारखेच्या आत घरी पोचेल. आपल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे धरलं, तर ते शेवटच्या बारांत जाईल, म्हणजे तीस तारखेला इथून निघेल आणि दोन-तीन तारखेला पोचेल. आदेश माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तरी पन्नाशीच्या माणसाची सवय एका कागदाने जाते असं साहेबही म्हणणार नाहीत. पण मुलगी तुझी आहे, मी परस्पर ठरवणं बरं नाही. तेव्हा असं कर: क्ष मी क मध्येच धरावा असं तुला वाटत असेल, तर शुक्रवारपर्यंत मला फोन करून कंबर कशी आहे असं विचार. भावोजींनी ऐकलं तरी हरकत नाही. फोन आला नाही तर मी समजेन.

ता. क. २. आमच्या यादीतला नववा प्रश्न आहे: पुन्हा हाच विषय घ्याल का? याची उत्तरं दरवर्षी मी लिहून घेतो आणि ती कधी छापली जात नाहीत, कारण पानाच्या रुंदीत तो रकाना मावत नाही. काल मी मुद्दाम जुने कागद काढले. भाषाशास्त्राच्या अकरा जणांनी फोन उचलला होता. दहा जण हो म्हणाले, आणि अकराव्याने हाच म्हणजे नेमका कोणता, असा उलट प्रश्न केला होता. दंतवैद्यकाचं सांगत नाही, त्या प्राचार्यबाई आपल्याशी सभ्यपणे वागल्या. फक्त एक आठवण देतो. तुला भूगोल घ्यायचा होता. तेव्हा तक्ता नव्हता, पण शेजारी होते, आणि अण्णांनी शेजारच्या मुलाच्या पगारावरून तुला वाणिज्याला घातलं. मी तेव्हा नववीत होतो, मला फार वाईट वाटलं होतं आणि मी काही बोललो नाही. तीस वर्षं तू पाण्याची बिलं करते आहेस आणि डबा नकाशांच्या खोलीत खाते आहेस. तुला नववा प्रश्न कुणीच विचारला नाही.

ता. क. ३. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बारकीचा फोन आला. आईला पत्र लिहिलंस का, म्हणून विचारत होती. म्हटलं लिहिलं, सहा पानं झाली. त्यावर ती म्हणाली की ते पेन्सिलीचे बाण तिने त्याच संध्याकाळी तुला दाखवले होते. पहिले चार तिने काढले, उरलेले तू काढलेस. हिरमुसलेलं तोंड करून अर्जाला जा हेही तूच सांगितलंस. आणि मामाला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही, तो सरळ माणूस आहे, दुसऱ्याच दिवशी शुद्धिपत्रक काढून मोकळा होईल, हेही तुझंच. मग पुस्तिका बदलतात का हे विचारायला तू मला फोन केलास, आणि मला दोन दिवस बरं वाटत होतं.

ही सहा पानं मी कंबर धरून लिहिली आहेत. फाडून टाकणार होतो, पण पाठवतो, तुझ्याकडे कागदोपत्री असलेलं बरं. शुक्रवारी फोन करू नकोस. कंबर बरी आहे, आणि क्ष शेवटी येतो.